खणकरांची बिबवेवाडीची बस

त्यांचं खरं आडनाव सांगितलं तर आमच्या जुन्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांना मी कोणाबद्दल बोलतेय ते कळणार नाही. सगळे त्यांना खणकर म्हणायचे. एकदा नव्याने लागलेल्या एका मुलाला हे खरंच आडनाव वाटलं आणि त्याने त्यांना 'रिस्पेक्टेड खणकर सर' अशी ईमेल पाठवली. खणकरांचं उत्तर आलं, "आडनाव चुकीचं आहे, पत्ता बरोबर आहे. बोला."

नाव डब्यावरून पडलं की कामावरून, याबद्दल ऑफिसात दोन मतं होती. डबा म्हणजे पाहण्यासारखी गोष्ट होती. बाकीचे लोक दहीभात आणतात. खणकर दही एका डबीत, भात दुसऱ्या डबीत आणि फोडणी तिसऱ्या डबीत आणत. मी एकदा विचारलं, घरूनच कालवून का नाही आणत? ते म्हणाले, "कालवायचं केव्हाही कालवता येतं. कालवलेलं वेगळं करून दाखवा." मी दहीभाताचा घास तोंडाशी तसाच धरून बसले. मी अकोल्याची. आमच्याकडे जेवताना कोणी असं पेचात पकडत नाही, उलट अजून एक पोळी वाढतात.

काम म्हणाल तर तेही खण पाडण्याचंच होतं. आमच्या हिंजवडीच्या कंपनीत ग्राहकांची माहिती एका मोठ्या यंत्रात ठेवत नसत. ती बऱ्याच यंत्रांवर वाटलेली असे. कुठली माहिती कुठल्या यंत्रावर, कुठल्या खणात पडेल हे आधी ठरवून द्यावं लागतं, आणि ते खणकर ठरवत. कोणी नवीन काम घेऊन त्यांच्या टेबलाशी गेलं की ते खुर्ची न वळवता एकच वाक्य बोलत. "आधी काय विचारणार ते सांगा. मग खण पाडू." म्हणजे पुढे या माहितीला तुम्ही कोणते प्रश्न विचारणार आहात ते कळल्याशिवाय ती कशी ठेवायची हे ते सांगत नसत. त्यात चुकीचं काही नव्हतं. पण हाच नेम ते माणसांनाही लावत. "काय सर, घरी कसं काय?" असं कोणी सहज म्हटलं तर ते थांबून विचारत, "कोणाचं विचारताय? आणि आजचं, की एकूण?" पुष्कळ लोकांनी मग विचारणंच सोडून दिलं.

मी मात्र सोडू शकत नव्हते, कारण आम्ही एकाच बसने यायचो. कंपनीची बस बिबवेवाडीहून निघायची. माझं भाड्याचं घर तिथेच होतं आणि खणकरांचं स्वतःचं, रस्त्याला लागून, पहिल्या मजल्यावर. इतकी वर्षं नोकरी झालेल्या माणसाने गाडी घेतली नव्हती. का, तर "गाडी घेतली की पुढे बघावं लागतं, बोलता येत नाही." बोलणं ही त्यांची खरी आवड होती, आणि तिथेही त्यांनी खण पाडले होते. सोमवारी ते ठरलेल्या एका माणसाशेजारी बसत, मंगळवारी दुसऱ्याशेजारी. प्रत्येक वाराला वेगळा शेजारी आणि वेगळा विषय. "आठवड्याच्या गप्पांचा सगळा भार एकाच माणसावर टाकू नये. तो दबून जातो," असं त्यांचं म्हणणं. मी गुरुवार. माझ्या वाट्याला जुने रेडिओ आले होते. दर रविवारी ते बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून कुठला ना कुठला सुटा भाग शोधून आणत, आणि तो कसा मिळाला हे मला गुरुवारी ऐकावं लागे. त्यांच्या मुलाच्या लग्नाचं काहीतरी चाललंय अशी कुणकुण लागली म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "तो सोमवारचा विषय आहे." सोमवार म्हणजे टेस्टिंगमधला एक लाजाळू मुलगा. त्याला म्हणे मुलींच्या पत्रिकासुद्धा तोंडपाठ झाल्या होत्या. तो सुट्टीवर असला की खणकर सोमवारी खिडकीतून बाहेर बघत गप्प बसत. दुसऱ्या कोणाला त्याचा विषय देत नसत.

आम्हाला ते हाकही वारानेच मारत. "काय हो गुरुवार, आज डबा नाही?" सुरुवातीला मला राग यायचा. माझं चांगलं नाव आहे, आईने हौसेने ठेवलेलं. पण पुण्यात राहून हळूहळू कळतं, की इथे माणूस तुम्हाला टोमणा मारतोय याचा अर्थ त्याने तुम्हाला मोजलंय. ज्यांना मोजत नाहीत त्यांना 'आपण' म्हणतात.

एका माणसाशी मात्र ते गाडीत कधी चकार शब्द बोलले नाहीत. ते म्हणजे सलीमभाई, आमच्या बसचे ड्रायव्हर. सलीमभाईंचं घराणं पुण्यातलंच, वडील टांगा चालवायचे. सलीमभाईंची ख्याती अशी, की ते हॉर्न वाजवत नसत. पुण्यात, वाकडच्या पुलाखाली, हॉर्न न वाजवता बस काढणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. "वडील म्हणायचे, घोड्याला कुठे हॉर्न असतो? समोरचा बाजूला होतोच, जरा धीर धरावा लागतो," असं ते सांगत. सगळे प्रवासी चढताना त्यांना नमस्कार करत, दोन शब्द बोलत. खणकर सरळ आत जात. आम्हाला ते जरा खटकायचंही.

खणकरांची एक गोष्ट मला फार आवडायची. आपण चुकलो हे कळलं की त्यांना आनंद व्हायचा. दिवाळीला कंपनीत मिठाईचे बॉक्स वाटत. गर्दी होते म्हणून एचआरवाल्यांनी एका वर्षी आडनावाच्या पहिल्या अक्षरावरून रांगा केल्या. झालं! 'क' ची रांग कुलकर्णी, कदम, काळे, कांबळे असं करत पार्किंगपर्यंत गेली, आणि 'ढ' च्या टेबलावरची मुलगी एकटी मोबाईल बघत बसली. खणकर 'क' च्या रांगेजवळ जाऊन मोठ्याने म्हणाले, "वाटणी करायची तर ती सारखी पडेल अशी करावी. ही वाटणी करणारा महाराष्ट्रातला नसावा." एचआरची बाई कोल्हापूरची होती. ती चिडली आणि म्हणाली, पुढच्या वर्षी तुम्हीच सांगा. त्यांनी सांगितलं, जन्मतारखेवरून करा, तारखा सगळीकडे सारख्या पसरलेल्या असतात. पुढच्या दिवाळीला सगळ्या रांगा अगदी आखल्यासारख्या लागल्या. फक्त एक तारखेची रांग पुन्हा पार्किंगपर्यंत गेली. बघितलं तर त्यात सिक्युरिटीवाले, कँटीनवाले, खेड्यांतून शिकून आलेले निम्मे इंजिनिअर, सगळ्यांचा जन्म एक जूनचा! शाळेत नाव घालताना मास्तरांनी लावून दिलेला. खणकर त्या रांगेकडे बघून इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "मास्तरांनी सगळ्यांना एकाच खणात कोंबलं की हो! हे माझ्या डोक्यातच आलं नाही." मग कोल्हापूरच्या बाईला त्यांनी स्वतःचा मिठाईचा बॉक्स दिला.

हे सांगितलं ते एवढ्यासाठी, की पुढे जे झालं त्यात त्यांना हसू आलं नाही.

आमच्या बसचे मालक आबा. हिंजवडी गावातले. जमीन आयटी पार्कात गेली, त्या पैशातून त्यांनी एक बस घेतली, मग दुसरी, आणि बघता बघता त्यांच्या बसेस सगळ्या पार्कात फिरू लागल्या. योगायोगाने ते आमच्या कंपनीचे ग्राहकही होते. त्यांच्या बसेस कुठे आहेत हे मोबाईलवर दाखवणारी सोय आम्हीच करून दिली होती. प्रत्येक बस सारखी आपली जागा कळवत राहायची, ते आमच्याकडे साठायचं आणि लोकांना नकाशावर दिसायचं. पहिलं वर्ष सगळं सुरळीत चाललं.

मग बिबवेवाडीच्या बसबद्दल तक्रारी सुरू झाल्या. एक दिवस आबा स्वतः ऑफिसात आले. काचेच्या खोलीत आमचा तरुण मॅनेजर, खणकर आणि तक्रारी नोंदवणारी म्हणून मी, अशी तिघं होतो.

"सलीमला ह्या म्हैन्यापास्नं बंद करायचं म्हनतोय मी," आबा म्हणाले. "पार्कातले बशींचं कंत्राट देनारे सायेब ऐकाया तयार न्हाईत. त्येंच्या पडद्यावर बस रोज उशिरा येतीया. ड्रायव्हर बदला न्हायतर रूट दुसऱ्याला देतो म्हनत्यात. मलाबी वाईट वाटतंय. पयली बस घेतली तवापास्नं ह्यो मानूस माझ्याकडं हाय. धाकट्या पोरीचं लगीन काढलंय त्यानं. पन करू काय?"

"उशिरा येते अशीच तक्रार आहे सगळ्यांची?" खणकरांनी विचारलं.

"न्हाई वो! थांब्यावरची मान्सं म्हनत्यात, लवकर येऊन निघून जातीया. नकाशावर लांब दिसती म्हनून ती च्या प्यायला जात्यात, आन तवर बस गेलेली असती. आता तुमीच सांगा, एकच मानूस लवकरबी येतो आन उशिराबी येतो?"

मी खणकरांकडे पाहिलं तर त्यांचा चेहरा उतरला होता.

"कोणत्या बसच्या अशा तक्रारी नाहीत?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"नव्या बशींच्या न्हाईत. त्या झटक्यात दिसत्यात."

मॅनेजर पुढे सरसावला. "आबा, टेन्शन नका घेऊ. लोड वाढलाय. आम्ही अजून दोन मशीन टाकतो."

"टाका," खणकर म्हणाले. "त्या बसची सगळी ओळ एकाच मशीनवर बसलीय. बाकीची मशिनं बाजूला उभी राहून बघतील." मग ते आबांकडे वळले. "आबा, उशीर ड्रायव्हर करत नाहीये. उशीर मी करतोय."

मॅनेजरने डोळे मिटले. ग्राहकासमोर 'मी चुकलो' म्हणणं हे आमच्या धंद्यात कोणी करत नाही. 'इश्यू आहे', 'बघतोय', 'टीम लागलीय', असं म्हणायचं असतं. आबा मात्र नुसते बघत राहिले. त्यांना काही कळलं नव्हतं.

"पाच मिनिटं द्या," असं म्हणून खणकर बाहेर गेले आणि परत आले ते आपले चार वार घेऊन. पाचवी मी तिथेच होते. "उठा गुरुवार," ते मला म्हणाले. शाळेत कवायतीला उभं करावं तसं त्यांनी आम्हाला भिंतीशी ओळीने उभं केलं. मॅनेजरचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

"आबा, ही सगळी रोज तुमच्या त्याच बसने येतात. या सोमवारला विचारा, आज सकाळी बस कुठे पोचली. पण हा सोमवार पहिल्या दिवसापासून सुरुवात करणार आणि क्रमाने सगळं सांगत आजपर्यंत येणार. मधलं काही गाळणार नाही."

लाजाळू सोमवारने घसा खाकरला आणि सुरू केलं. "पहिल्या दिवशी बस बिबवेवाडीतून निघाली. मग स्वारगेटला आली. मग..."

आबांनी थोडा वेळ ऐकलं. मग ते वैतागले. "आवो आजचं सांगा की! मागचं काय करायचंय मला?"

"हेच तुमच्या बसचं होतंय," खणकर म्हणाले. "मी एका बसला एकच खण दिला. पहिल्या दिवसापासूनचं सगळं त्याच एका ओळीत पडत गेलं. आता आज कुठे आहे विचारलं की यंत्र आधी मागचं सगळं ओलांडत येतं. तोवर पडद्याचा धीर सुटतो आणि तो आधीचीच जागा दाखवत बसतो. नव्या बसला मागचं फार नाही, म्हणून ती चटकन सांगते. सगळ्यात जुनी बस सलीमभाईंची. तिची ओळ सगळ्यात फुगलेली."

"मंग?"

"आता एकेकाला फक्त त्याचा वार विचारा."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. "ताई, गेल्या गुरुवारी बस कवा पोचली?"

"वेळेवर," मी म्हणाले. "सरांच्या रेडिओची गोष्ट अर्धी राहिली होती, तेवढ्यात गेट आलं."

शुक्रवार म्हणाला वेळेवर. सोमवार, मंगळवार, बुधवारही तेच म्हणाले. एका मिनिटात सगळं सांगून झालं.

"बघितलंत? प्रत्येकाकडे एकाच दिवसाचं ओझं. आता खण नुसत्या बसचा नाही, बस आणि तारीख मिळून एक खण करतो. आजचं विचारलं की आजचाच खण उघडायचा. मागचे खण झोपू द्यायचे." एवढं बोलून खणकरांना जरा उत्साह आला. "पुण्याला हे कधीच कळलं होतं. सोमवार पेठ, मंगळवार पेठ, सगळं गाव वारावारी पाडून ठेवलंय."

"पन पुन्यात ट्राफिक तरी कुठं हलतीया?" आबा म्हणाले.

सगळे हसले. खणकरही हसले, पण लगेच थांबले. "आबा, पहिल्या दिवशी मी तुम्हाला विचारलं होतं, काय विचारणार? तुम्ही म्हणालात, बस कुठं हाय, बस एवढंच. त्याला तो खण बरोबर होता. नंतर तुम्ही मागचंही जपून ठेवायला सांगितलंत. तेव्हा मी पुन्हा विचारायला हवं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांना जे सांगतो तेच मी केलं नाही. त्यापायी त्या माणसाची नोकरी जाऊ देऊ नका."

आबांनी महिनाअखेरपर्यंत मुदत दिली. ते गेल्यावर मॅनेजर म्हणाला, "सर, क्लायंटसमोर असं कोणी बोलतं का?" खणकर म्हणाले, "त्यांच्या मागे बोलून ड्रायव्हर कसा वाचला असता?" मला त्या माणसाचा त्या दिवशी इतका अभिमान वाटला, की मी घरी फोन करून आईला सगळं सांगितलं. तिला त्यातलं फक्त 'ड्रायव्हर वाचला' एवढं कळलं. तेवढं पुरे होतं.

पुढचे दिवस आम्ही ते काम उपसत होतो. बसेस तर चालूच होत्या. नवीन माहिती नव्या खणांत टाकायची आणि जुनी ओळ थोडी थोडी कापून ज्या त्या तारखेच्या खणात नेऊन ठेवायची. शुक्रवारने सुचवलं, तासातासाचे खण केले तर आणखी जलद होईल. खणकरांनी मान हलवली. "फार बारीक नको. दिवसभराचा प्रवास विचारला की मग चोवीस ठिकाणी हिंडावं लागेल." या सगळ्या दिवसांत बसमध्ये त्यांनी रेडिओचं नाव काढलं नाही. माझ्या शेजारी बसून पुढे सलीमभाईंच्या पाठीकडे बघत असत. महिना संपायच्या आत पार्कातल्या पडद्यावर बिबवेवाडीची बस इतर बसेससारखी टुणकन दिसायला लागली. सलीमभाई राहिले.

आणि सलीमभाईंना यातलं काहीच माहीत नव्हतं. खणकरांनी आम्हा सगळ्यांना बजावलं होतं. "तो माणूस सगळ्यांना घेऊन रस्ता काढतो. त्याच्या डोक्यात रस्त्याशिवाय काही घालायचं नाही."

वर्षभराने खणकर निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात ते म्हणाले, "माझ्याविषयी कोणाला काही विचारायचं असेल तर ज्याचा वार असेल त्याला विचारा," आणि खाली बसले.

त्यानंतरचा पहिला गुरुवार. माझ्या शेजारची जागा रिकामी होती आणि मला चक्क रेडिओची आठवण येत होती. पार्कात उतरताना सलीमभाईंनी मला थांबवलं.

"ताई, एक विचारू? सर एवढी वर्षं माझ्या गाडीत बसले. सगळ्यांशी बोलले, हसले. माझ्याशी एक शब्द नाही. जातानासुद्धा नाही. माझं काही चुकलं होतं का?"

सांगायचं नाही असं खणकरांनी बजावलं होतं. पण ते ज्यासाठी बजावलं होतं तो धोका टळून गेला होता, आणि इकडे हा माणूस वर्षानुवर्षं मनाला लावून बसला होता. मी त्यांना काचेच्या खोलीची गोष्ट सांगायला घेतली. आबा आले तिथपासून 'उशीर मी करतोय' इथपर्यंत आले, तेवढ्यात माझ्या मीटिंगचा फोन वाजला. "पुढचं उद्या शुक्रवारला विचारा," मी म्हणाले.

त्यांनी खरंच विचारलं. शुक्रवारने थोडं सांगितलं, सोमवारने त्याचं ते लांबण कसं लावलं ते करून दाखवलं, मंगळवारने महिनाभराचं काम सांगितलं. शेवटचं, बुधवारच्याच वाट्याला आलेलं, बुधवारने सांगितलं, की चालत्या गाडीत ड्रायव्हरशी बोलायचं नाही हा खणकरांचा नेम होता, आणि तो त्यांनी फक्त सलीमभाईंसाठी जिभेला लावून घेतला होता.

त्या बुधवारी संध्याकाळी बस बिबवेवाडीत शिरली आणि खणकरांच्या घराखाली थांबली. तिथे थांबा नव्हता. मग हॉर्न वाजला. लांबलचक. त्या बसला हॉर्न आहे हेच आम्हाला माहीत नव्हतं. खणकर हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन गॅलरीत आले, खाली बघितलं आणि चपला अडकवून खाली उतरले. बसच्या दारात उभे राहिले.

"सर..." म्हणत सलीमभाई सीटवरून उठू लागले.

"आधी गाडी बंद करा," खणकर म्हणाले.

सलीमभाईंनी किल्ली फिरवली. इंजिन थांबलं. खणकर पायरी चढून वर आले आणि ड्रायव्हरशेजारच्या इंजिनाच्या झाकणावर मांडी घालून बसले. "हं. मुलीचं लग्न कसं झालं? पहिल्यापासून सांगा. मधलं काही गाळू नका."

मागे सगळी बस तशीच बसून होती. कोणी उतरलं नाही, कोणी घड्याळ बघितलं नाही. माझा मोबाईल वाजला. खणकर निवृत्त झाल्यापासून आबांचे फोन मला येत.

"ताई, बिबवेवाडीची बस मधीच हुबी दिसतीया. बंद पडली का काय?"

"नाही आबा. सलीमभाईंनी बंद केलीय. खणकर सर आलेत, त्यांच्याशी बोलतायत."

"मंग ऱ्हाऊ द्या हुबी," आबा म्हणाले. "आजचा उशीर माझ्या नावावर टाका."